पाणी दिसेल तेवढेच किलोमीटर

दोन उन्हाळ्यांपूर्वी आत्या आमच्याकडे आली होती. वय बहात्तर, पण 'गुडघे अजून माझेच आहेत' असं ती ऐटीत सांगते. सकाळी तासभर चालून आल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. तिला म्हटलं, चल, तुला आमच्या इथली तळ्याकाठची वाट दाखवतो. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाकाठानं जाणारा वॉटरफ्रंट ट्रेल म्हणजे आम्हा टोरांटोकरांचा मिरवण्याचा विषय. पाहुण्याला नायगारा दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी हा.

टोरांटोच्या पश्चिमेला एका सधन गावात गाडी लावली आणि निघालो. खांबाखांबावर ट्रेलच्या पाट्या होत्या, बाण होते. उजव्या हाताला रस्त्यावरून सुसाट गाड्या. डाव्या हाताला सीडरच्या झुडपांची कातरलेली हिरवी भिंत, दोन पुरुष उंच. मधेच लोखंडी फाटक, त्यावर कॅमेरा. पुन्हा भिंत. अर्धा तास झाला तशी आत्या थांबली.

"काय रे, आपण तळ्याच्या कडेनं चाललोय ना?"

"हो."

"मग तळं कुठंय?"

मी डावीकडे हात केला. "या घरांच्या मागे."

"मग ही घरांच्या कडेची वाट झाली की," म्हणाली आणि चालू लागली.

आत्याला इथल्या नगररचनेतलं ओ की ठो कळत नाही. तरी तिनं नेमकं बोट ठेवलं. पुढच्या रविवारी मी एक उद्योग केला. त्याच भागातला सतरा किलोमीटरचा पट्टा सायकलनं धरला आणि पाणी दिसत असेल तेवढाच वेळ फोनवरचं मोजमाप चालू ठेवलं. झुडपं आली की बंद. घरी येऊन पाहिलं तर सतरापैकी पाचसुद्धा धड भरत नव्हते. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे, आणि ते आमच्या ट्रेलप्रेमी मित्रमंडळींत फारसं लोकप्रिय नाही: तळ्याकाठच्या वाटेची लांबी सांगणं बंद करा, तिच्यावरून पाणी किती दिसतं ते सांगा. आणि वाट पाण्यापासून लांब गेलीच, तर ती पाणथळीसाठी जावी, कड्यासाठी जावी, पाखरांसाठी जावी. बंगल्यांसाठी जाऊ नये.

आधी जे चांगलं झालं त्याची नोंद घेऊ, नाहीतर कृतघ्नपणा होईल. १९८८ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं टोरांटोच्या किनाऱ्याचं काय करायचं हे ठरवण्यासाठी एक शाही आयोग नेमला. अध्यक्ष डेव्हिड क्रॉम्बी, शहराचे माजी महापौर. बंदराच्या धक्क्यांची आणि गोदामांची ओसाड झालेली जमीन हा मूळ प्रश्न. आयोगानं तो नुसत्या धक्क्यांपुरता ठेवला नाही. नद्यांच्या उगमापासून येणारं पाणी, गाळ, सांडपाणी हे सगळं किनाऱ्याशी जोडलेलं आहे, तेव्हा किनाऱ्याचा विचार महापालिकेच्या हद्दीत मावणार नाही, ही त्याची भूमिका होती. १९९२ मध्ये अंतिम अहवाल आला, आणि १९९५ मध्ये वॉटरफ्रंट ट्रेल खुला झाला. तेव्हा तो ऑन्टॅरिओ सरोवरापुरता होता. आज ईरी, ह्युरॉन आणि पुढे सुपिरियर या सरोवरांच्या दिशेनं वाढत तो तीन हजार किलोमीटरच्या पलीकडे गेला आहे.

हे इतक्या झटपट जमलं कसं? नवी वाट फारशी बांधलीच नाही. गावोगावच्या उद्यानांतल्या पायवाटा, बंदराचे रस्ते, गल्ल्या, हमरस्त्याची कड हे सगळं एका माळेत ओवलं आणि पाट्या लावल्या. मला यात काही गैर वाटत नाही. जमीन ताब्यात येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर आज दहा किलोमीटरही झाले नसते. आधी रेघ काढायची, लोकांना तिच्यावर चालू द्यायचं, मग हळूहळू ती रेघ पाण्याकडे सरकवायची, हा विचार शहाणपणाचाच. दुखणं पुढचं आहे. सरकवायचं काम काही ठिकाणी झालं, बाकी ठिकाणी रेघ तिथंच मुरली. तात्पुरता मांडव कायमचं घर झाला. आणि दरवर्षी लांबीचा आकडा वाढत गेल्यामुळे कुणाला काही राहून गेल्यासारखं वाटेना. आकड्यांचा हाच गुण वाईट. तीन हजार म्हटलं की छाती फुगते, त्यातले किती ट्रकांच्या धुरातले हे कोण विचारतो?

किनारा हातचा जाणं या शहराला नवं नाही. टोरांटोत डेव्हनपोर्ट नावाचा रस्ता आहे. बाकीचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, हा एकटा वाकडातिकडा. कारण हा मुळात रस्ता नव्हे, पायवाट. हिमयुगाच्या अखेरीस इथं आजच्यापेक्षा मोठं सरोवर होतं, भूगर्भशास्त्रज्ञ त्याला इरोक्वॉय सरोवर म्हणतात. ते ओसरलं, पण त्याच्या जुन्या काठाचा चढ राहिला. त्या चढाच्या पायथ्यानं इथल्या मूळ रहिवाशांनी वाट पाडली. म्हणजे तळ्याकाठची वाट हे काही कुणा आयोगाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. फक्त आता तिथून पाणी कित्येक किलोमीटर लांब आहे, आणि त्याचा दोष कुणा बंगलेवाल्याला देता येत नाही.

पुढचा मात्र देता येतो. शहराच्या मध्यभागी फ्रंट स्ट्रीट आहे. फ्रंट म्हणजे पाण्याचा फ्रंट. एकेकाळी या रस्त्याच्या पुढ्यात थेट सरोवर होतं. १८१८ मध्ये सरकारनं त्या रस्त्याच्या दक्षिणेची काठावरची जमीन लोकांच्या फिरण्यासाठी विश्वस्तांच्या हवाली केली. 'वॉक्स अँड गार्डन्स' असं त्या व्यवस्थेचं नाव. कागद पक्का, हेतू स्पष्ट, विश्वस्त प्रतिष्ठित. १८५०च्या दशकात रेल्वे आली, तिला बंदरापर्यंत रूळ हवे होते, आणि फिरायची जागा रुळांखाली गेली. नंतर भराव घालघालून किनारा आणखी दक्षिणेला ढकलला. आज फ्रंट स्ट्रीटवर उभं राहून पाणी शोधायचं तर आधी रेल्वे, मग उंचावरून जाणारा गार्डिनर महामार्ग आणि मग उंच इमारतींच्या रांगा ओलांडाव्या लागतात. दोनशे वर्षांपूर्वी दिलेली फिरायची जागा गेली आणि तिच्या बदल्यात आम्हाला पाट्या मिळाल्या.

म्हणून 'आत्ता नाही, सवडीनं बघू' असं किनाऱ्याच्या बाबतीत कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. गेलेला किनारा परत मिळवायला पिढ्या जातात. आहे तो मात्र एका बैठकीत जातो. २०१३ मध्ये बर्लिंग्टन गावच्या नगरपरिषदेनं दोन गल्ल्यांच्या मधला, पाण्यालगतचा सार्वजनिक जमिनीचा पट्टा शेजारच्या घरमालकांना विकायचा ठराव केला. युक्तिवाद असा की तो तुटक आहे, पुढेमागे काही जोडलेलं नाही, त्याचा उपयोग काय? वाटेचा तुकडा तुटक असतो कारण पुढचा अजून मिळालेला नसतो. हातातला विकून टाकला की पुढचा मिळवायचं कारणच संपतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. पंचमहासरोवरांचं पाणी एक, पण त्याच्या काठावर चालायचा हक्क वळणावळणाला बदलतो. २००५ मध्ये पलीकडच्या काठाला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाण्याच्या नेहमीच्या भरतीखुणेपर्यंत जनतेला चालता येईल, जमीन कुणाची का असेना. २०१८ मध्ये इंडियाना त्याच्या पुढे गेलं: त्या खुणेपर्यंतची जमीनच राज्याची. ओहायोनं २०११ मध्ये सीमा धरली ती पाणी सर्वसाधारणपणे जिथं टेकतं त्या रेषेवर, म्हणजे वाळूचा बराच भाग मालकाकडे. आणि विस्कॉन्सिनमध्ये साधा नियम असा की पाय ओले ठेवा. पाण्यात चालताय तोवर तुम्ही जनता, दोन पावलं कोरड्या वाळूवर आलात की घुसखोर. नोव्हेंबरच्या थंडीत हा नियम पाळून बघावा कुणीतरी.

इकडे आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सरसकट असा हक्कच नाही. ज्याच्या खरेदीखतात 'पाण्याच्या कडेपर्यंत' असं लिहिलंय त्याची हद्द पाण्यापर्यंत. ह्युरॉन सरोवराकाठच्या ग्रँड बेंड या गावी मोठा खटला झाला. तिथल्या वाळवंटावर पिढ्यान् पिढ्या लोक पोहायला, बसायला येत होते, आणि मालकी मात्र खासगी निघाली. १९९५ मध्ये प्रांताच्या अपिलीय न्यायालयानं लोकांच्या बाजूनं कौल दिला: इतकी वर्षं मुक्तपणे वापरलेली ही जागा सार्वजनिक वापरासाठी दिल्यातच जमा आहे. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात, आणि वहिवाट मोडणाऱ्याकडे गाव कसं बघतं ते सांगायला नको. पण वहिवाटीची मेख अशी की ती एकेका जागेपुरती, एकेका खटल्यात सिद्ध करावी लागते. साक्षीदार म्हातारे होतात, वकिलाची फी म्हातारी होत नाही.

२०१०च्या सुमारास नायगरा फॉल्सचे तेव्हाचे आमदार किम क्रेटर यांनी यावर सरळ उपाय मांडला. महासरोवरांच्या काठानं, भरतीखुणेच्या खाली, पायी जायचा हक्क सगळ्यांना द्या. तंबू ठोकायचा नाही, शेकोटी नाही, थांबायचं नाही, फक्त जायचं. विधेयक मांडलं गेलं, पुन्हा मांडलं गेलं, कायदा काही झाला नाही. घरमालकांच्या संघटनांनी आकाशपाताळ एक केलं, आणि काठावर घर नसलेल्या लाखोंपैकी फारच थोड्यांना असं काही विधेयक आहे याचा पत्ता होता. कुठल्याही सार्वजनिक प्रश्नाचं असंच होतं म्हणा. ज्यांचं थोडं जातं ते जागे असतात, ज्यांना थोडं थोडं मिळणार असतं ते झोपलेले.

घरमालकांची बाजू मात्र मी उडवून लावत नाही. माझे एक परिचित आहेत, काठावर घर असलेले. सज्जन गृहस्थ. त्यांचं म्हणणं: आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलं, कर भरतो, वादळात अंगण खचलं तर दगड मी टाकतो, आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून सायकली नेणार? यात खोटं काय आहे? कुणी उठून त्यांचं अंगण बळकवावं असं मी म्हणत नाही. पण ज्या 'पूर्वापार' मालकीच्या जोरावर ते बोलतात तिचा इतिहासही त्यांच्यासमोर ठेवावासा वाटतो. टोरांटोच्या पश्चिमेचा हा सगळा किनारा मिसिसागा या मूळ रहिवासी लोकांचा. १८०५-०६च्या करारांत तो त्यांच्याकडून घेतला गेला, तेव्हा काही नद्यांची मुखं मासेमारीसाठी त्यांनी स्वतःकडे राखली होती. १८२०पर्यंत तीही गेली. टोरांटोच्या मूळ खरेदीत त्यांच्यावर झालेल्या अन्यायापोटी २०१० मध्ये केंद्र सरकारनं साडेचौदा कोटी डॉलरची तडजोड केली. किनाऱ्यावरचं कुठलंही खरेदीखत उलटं वाचत गेलात तर शेवटी कुणाच्या तरी वहिवाटीवरच येऊन थांबतं.

'कुणी घसरून पडलं आणि माझ्यावर दावा लावला तर?' हा दुसरा आक्षेप. त्यात आता दम नाही. प्रांताच्या कायद्यानुसार मनोरंजनाच्या वाटेवर येणारा स्वतःच्या जबाबदारीवर येतो. मालकानं जाणूनबुजून सापळा लावला किंवा बेफिकीरपणे जीव धोक्यात घातला तरच तो अडकतो. भीती मात्र कायद्यापेक्षा चिवट असते. २०१६ मध्ये वाटांसाठी नवा कायदा आला, त्यात मालकाच्या राजीखुशीनं जाण्यायेण्याचा सुविधाधिकार नोंदवायची सोय होती. 'राजीखुशीनं' हा शब्द कुणी वाचलाच नाही. सरकार जमिनी घेणार अशी आवई उठली आणि वर्षानुवर्षं खुल्या असलेल्या काही वाटांवर साखळ्या पडल्या.

तिसरा आक्षेप निसर्गाचा, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवतो. काठ हा सरोवराचा सगळ्यात नाजूक भाग. माशांची अंडी तिथं, पाखरांची घरटी तिथं. मिसिसागा शहरात रॅट्रे मार्श आहे, टोरांटो आणि बर्लिंग्टनच्या मधली काठावरची शेवटची पाणथळ. गोलगोट्यांचा एक नैसर्गिक बांध, त्याच्या एका अंगाला उसळणारं सरोवर आणि दुसऱ्या अंगाला आरशासारखं थबकलेलं पाणी. एका बड्या जमीनदाराची ही जागा घरबांधणीत जाणार होती. शेजारपाजारच्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ती वाचवली, आणि १९७५ मध्ये ती संरक्षित जागा म्हणून खुली झाली. आज लाकडी फळ्यांवरून चालत जायचं, सायकल असेल तर उतरून हातानं न्यायची. फळ्यांवर पावलं वाजतात तशी बाजूच्या लव्हाळ्यांतून बेडकं टपाटप पाण्यात उड्या घेतात. इथं वाट मुद्दाम अरुंद आहे, वळसे घेते, काही जागी पाण्याकडे जातच नाही. तिथून परतताना मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही.

टोरांटोच्या पूर्व अंगाचे स्कारबरोचे कडेही तसेच. काही ठिकाणी नव्वद मीटर उंच, मातीचे, दरवर्षी थोडे थोडे ढासळणारे. त्यांच्या काठावरून वाट नेणं म्हणजे आत्महत्येची सोय, म्हणून ट्रेल तिथं आत वस्तीतून जातो. बरोबरच आहे. शिवाय ते ढासळणंही फुकट जात नाही. कड्यांची वाळू लाटांबरोबर पश्चिमेला वाहत जाऊन टोरांटोची बेटं तयार झाली, ती १८५८च्या वादळापर्यंत मुख्य भूमीला जोडलेली होती. कड्याच्या पायथ्याला दगड टाकून धूप थांबवली की पुढच्या किनाऱ्यांची वाळू आटते. एकाची भिंत म्हणजे शेजाऱ्याची उपासमार. खासगी तटबंदीबद्दल हे कुणी बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या अंगणापुढे दगड रचतो, लाट तिथं आपटून शेजारच्या उघड्या काठाला जास्त जोरानं धरते, मग तोही दगड आणतो. अशानं किलोमीटरच्या किलोमीटर काठ दगडी होतो, आणि निसर्गाचं नाव घेऊन वाटेला विरोध करणारे याच भिंतींच्या आडून बोलत असतात.

बाहेर काय चाललंय तेही पाहू. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचं ग्रिब्नित्झ सरोवर बर्लिनच्या हद्दीला लागून आहे. शीतयुद्धात त्याच्या काठानं भिंत होती, आणि भिंतीलगत सीमारक्षकांच्या गस्तीची वाट. १९८९ मध्ये भिंत पडली आणि लोक त्या गस्तीच्या वाटेवरून फिरायला लागले. जिथं गोळी खाल्ली असती तिथं बाबागाड्या फिरू लागल्या. मग जमिनी मालकांकडे गेल्या, न्यायालयात वाद झाले, आणि २००९ मध्ये काही मालकांनी वाट अडवली. झुडपं, जाळ्या, 'खासगी' अशा पाट्या. स्वित्झर्लंडच्या नियोजन कायद्यात तर सरोवरांचे काठ मोकळे ठेवा आणि लोकांना तिथं जायला सोपं करा असं १९७९ पासून लिहिलेलं आहे. तरी मार्च २०२४ मध्ये झुरिक परगण्यात 'सरोवराकाठी सलग वाट करा' हा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी तो नाकारला. खर्च, भरपाई, खासगी जमिनी ही कारणं. लोकशाहीत लोकांनीच नको म्हटलं तर काय करणार, असं म्हणून विषय संपवता येतो. मला त्यातून वेगळंच दिसतं. सगळा काठ एका घावात मागितला की लोक दचकतात. तुकड्यातुकड्यानं, पण न चुकता घेत गेलं तर दचकत नाहीत.

शिकागोनं ते करून दाखवलं, आणि तिथंही सुरुवात एका कागदावरच्या ओळीपासून झाली. १८३६ मध्ये सरोवराकाठच्या जमिनीच्या नकाशावर, ही जागा कायम मोकळी राहील, इथं इमारत उठणार नाही, अशा अर्थाची टीप लिहिली गेली. पुढे टपालानं माल विकणारा माँटगोमेरी वॉर्ड हा व्यापारी त्या टिपेला चिकटून बसला. त्याच्या कचेरीच्या खिडकीसमोर शहराला इमारती उठवायच्या होत्या. १८९० पासून वीसेक वर्षं तो कोर्टात लढला, वर्तमानपत्रांच्या शिव्या खाल्ल्या, आणि जिंकला. (त्याला स्वतःच्या खिडकीतून दिसणारं पाणी वाचवायचं होतं, असंही म्हणतात. असेल. स्वार्थ सार्वजनिक हिताच्या बाजूला बसला तर मी त्याला जागा देतो.) त्याच काळात, १८९२ मध्ये, सरोवराच्या तळाची हजारावर एकर जमीन राज्यानं रेल्वे कंपनीला देऊन टाकली होती त्या व्यवहारावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की असली जमीन राज्याकडे जनतेची ठेव म्हणून असते, ती अशी वाटून टाकता येत नाही. आज शिकागोत सुमारे तीस किलोमीटरची काठावरची वाट आहे आणि तिच्यावरून पाणी दिसतं. पाठीमागे आठ पदरी रस्ता गर्जत असतो हेही खरं, पण निदान तो चुकीच्या बाजूला नाही.

इथं काय करावं? नवं काही शोधून काढायला नको. १९५४ च्या ऑक्टोबरात हेझल वादळानं टोरांटो परिसरातल्या नद्यांना पूर आला, प्रांतात ८१ माणसं गेली. रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरची घरं रात्रीतून वाहून गेली. त्यानंतर सरकारनं ठरवलं की पूररेषेत घरं नकोत. जमिनी विकत घेतल्या, बांधकामं बंद केली, आणि रेमोरच्या जागी आज उद्यान आहे. टोरांटोच्या दऱ्यांतून जाणाऱ्या ज्या हिरव्या वाटांचं जगभर कौतुक होतं, त्या सौंदर्यदृष्टीतून आलेल्या नाहीत, एका आपत्तीनंतर केलेल्या हिशेबातून आल्या आहेत. महासरोवरांच्या काठालाही असाच हिशेब लागू आहे. पुढच्या शंभर वर्षांत काठ किती झिजेल याचा अंदाज घेऊन धोक्याची रेषा आखली जाते, तिच्या आत नवं बांधकाम करू देत नाहीत. मग ज्या पट्ट्यात घर बांधताच येत नाही तो पट्टा, जुनं घर पाडून मोठं बांधायची परवानगी मागायला मालक आला की त्याच वेळी गावानं का घेऊ नये? जागा त्याच्या कामाची नाही, धोक्याचा दगडधोंडा पुढे गावानं सांभाळायचा, वाट त्यावरून जाईल. जिथं मोठे भूखंड पाडले जातात तिथं काही गावं असं करतातही. प्रश्न एकेकट्या घरांचा आहे, आणि काठावर बहुतेक एकेकटीच घरं आहेत. पन्नास वर्षांत त्यातली निम्मी तरी पाडून पुन्हा बांधली जातील असा माझा अंदाज. सहज म्हणून सांगतो, धोक्याच्या या रेषांची राखण करणाऱ्या संवर्धन प्राधिकरणांचेच अधिकार २०२२ मध्ये प्रांत सरकारनं घरबांधणीच्या नावाखाली छाटले. आणि शहराच्या ऐन काठावरच्या ऑन्टॅरिओ प्लेस या सरकारी उद्यानात स्पासाठी ९५ वर्षांचा भाडेपट्टा झाला, २०२४ मध्ये रातोरात झाडं पडली. काठानं चालायला जागा राहील असं सांगतात. १८१८ मध्येही सांगितलं होतं.

दुसरं, हातात आहे ते सोडू नका. जुन्या मोजणीत पाण्यापर्यंत जाणारे रस्त्यांचे तुकडे राखलेले आहेत. गल्ली संपते, पुढे वीस पावलं गवत, एक बाक, आणि समोर सरोवर. या भागातल्या गावांनी त्यांना 'तळ्याकडची खिडकी' असं गोंडस नाव दिलंय. आत्याला घेऊन त्या दिवशी आम्ही शेवटी अशाच एका खिडकीशी पोचलो. बाक होता, पण दोन्ही बाजूंच्या घरांची झुडपं दरवर्षी वीतभर पुढे येत येत जागा इतकी अरुंद झाली होती की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं. आत्यानं झुडपांची मुळं पाहिली, जुन्या कुंपणाचा गंजका खांब पाहिला, तो झुडपाच्या पार आतल्या अंगाला होता. "बांध कोरलाय," म्हणाली. मोजणी अधिकारी आणून बघा, दुसरा शब्द सापडणार नाही.

तिसरी मागणी फुकटातली आहे. नकाशावर दोन आकडे छापा: वाट किती, आणि तिच्यावरून पाणी किती. जपानमध्ये बिवा सरोवराला सुमारे दोनशे किलोमीटरची सायकलफेरी आहे, २०१९ मध्ये तिला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा मिळाला. तिथंही वाट बऱ्याच जागी गाड्यांच्या रस्त्यालगतच जाते, पण लोक जातात ते तळ्याला फेरी घालायला, आकड्याला नव्हे. आपल्याला आकडाच लागत असेल तर निदान खरा असू द्या. गावोगावच्या नगरसेवकांना शेजारच्या गावाच्या पुढे जायची हौस असते, ती या दुसऱ्या आकड्याला लागली तर बरीच कामं आपोआप होतील.

२०१७ आणि २०१९ मध्ये ऑन्टॅरिओ सरोवर मोजणी सुरू झाल्यापासून कधी नव्हतं इतकं चढलं. टोरांटोची बेटं २०१७ च्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे बंद होती. आमच्या घराजवळच्या उद्यानातही काठावरची डांबरी वाट लाटांनी खालून पोखरली, एका रात्री तिचा दहा-बारा फुटांचा तुकडा पाण्यात गेला. पालिकेनं नारिंगी पिंपं लावली. पुढच्या वसंतात दोन माणसं आणि एक छोटं यंत्र आलं, गवतातून पंधरा पावलं आत बारीक खडीची नवी वाट टाकली, पाटी उपटून तिथं रोवली आणि दुपारच्या जेवणाआधी गेली. जुन्या वाटेचा तुटका डांबरी तुकडा अजून पाण्यातून डोकं काढून असतो, त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. उद्यानाला लागून एक बंगला आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्याच्यापुढे तराफ्यावर क्रेन उभी होती, आणि भिंतीवर दगडांचा तिसरा थर चढत होता.